शाळेच्या ओट्यावरच्या तालमी

आबांना चहा हवा असला की आधी त्यांचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. मग ते घसा खाकरायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "एक चहा, साखर कमी." हॉटेलवाल्याला ऑर्डर ओठांवरूनच कळलेली असे, चहा कपात ओतूनही झालेला असे, पण आबांचं वाक्य पुरं झाल्याशिवाय तो कप पुढे सरकवत नसे. एवढा मान गाव त्यांना देत होतं.

कुणी "राम राम आबा" म्हटलं तरी तेच. आधी ओठांनी राम राम, मग तोंडानं. समोरचा घाईत असला तर तेवढ्यात पुढे निघून गेलेला असायचा आणि आबांचा राम राम मागून येणाऱ्या म्हशीला मिळायचा.

मी धुळ्याहून यावल तालुक्यातल्या त्या गावी मास्तर म्हणून गेलो तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आबा त्या शाळेतले सगळ्यात जुने शिक्षक होते. शाळा सातवीपर्यंत. गाव केळीच्या बागांत इतकं आत, की पहिल्या दिवशी मी फाट्यावर उतरून चालत निघालो आणि दोनदा कुणाच्या तरी बागेत शिरलो. शाळेत पोचलो तेव्हा माझ्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग पडलेले होते. ते डाग जात नाहीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चष्मा, खोचलेला शर्ट, पायात बूट. त्यांचे ओठ हलले आणि मग शब्द आले, "बरं झालं आलात. आमच्याकडे साहेब नव्हता."

मला वाटलं, माझा सन्मान होतोय. वय लहान होतं, असं वाटायचं.

संध्याकाळी उलगडा झाला. शाळा सुटल्यावर ओट्यावर एक टेबल मांडलं गेलं, टेबलामागे खुर्ची, खुर्चीत मी. समोर गावातले एक म्हातारे शेतकरी, सगळे त्यांना नाना म्हणत. नानांच्या बागेवरून विजेची तार इतकी खाली लोंबत होती की घड उतरवणारी माणसं वाकून चालायची. ती तार वर ओढून द्या, एवढं वीज कचेरीत जाऊन सांगायचं होतं. नाना तिथे जाणार होते गुरुवारी. सोमवारपासून तालीम सुरू होती.

"हं, नाना. या आत," आबा म्हणाले.

नाना आत आले, म्हणजे ओट्याची पायरी चढले. हात जोडले. "साहेब, आमची तार..."

मी म्हणालो, "बरं बरं. माणूस पाठवतो."

आबांनी कपाळाला हात लावला. "असा साहेब कुठे पाहिला तुम्ही? आधी वर बघायचंच नाही. कागद चाळायचे. मग विचारायचं, काय काम आहे. त्यांनी सांगितलं की पुन्हा विचारायचं, कोण गाव. मग सांगायचं, उद्या या. काडीनं कान कोरता येतो का तुम्हाला?"

मला येत होता.

असा मी त्या गावचा साहेब झालो.

आबांचं म्हणणं साधं होतं. नाटक एकदा होतं, तालीम रोज होते. पूर्वी ते गावच्या यात्रेत दरवर्षी नाटक बसवायचे. एका वर्षी ऐन प्रयोगाच्या संध्याकाळी वादळ आलं, मांडव पडला, पडदा कुणाच्या तरी विहिरीत जाऊन बसला. प्रयोग झालाच नाही. लोक हळहळले. पण त्याच उन्हाळ्यात आबांच्या एक गोष्ट लक्षात आली. नाटकात प्रधान झालेला माणूस तहसील कचेरीत जाऊन दाखला घेऊन आला होता. एकटा. हात न जोडता. आबांनी विचारलं, कसं काय जमलं? तो म्हणाला, "दोन महिने राजाशी बोलू राह्यलो होतो आबा. तो क्लार्क त काय, मुकुटबी नव्हता त्याच्या डोक्यावर."

त्या दिवसापासून आबांनी नाटक सोडलं आणि तालीम धरली. यात्रेला गावात दुसरी मंडळी तमाशा आणत, आबा तिकडे फिरकत नसत. त्यांच्या ओट्यावर वर्षभर कुणी ना कुणी कुठल्या तरी साहेबाशी बोलत असायचं. रेशन दुकानदार, पोस्टमास्तर, दवाखान्यातली नर्स, लेकीची सासू. या सगळ्या भूमिका मी केल्या. सासू मला सगळ्यात चांगली जमायची असं बायका म्हणायच्या.

आबांचं स्वतःचं काय, हे मी त्यांना एकदा विचारलं. आम्ही दोघं सायकली हातात धरून फाट्याकडे चाललो होतो. ते हसले. म्हणाले, "तरुणपणी मी मोजणीच्या कचेरीत गेलो होतो. बांधाची भानगड होती. वडलांनी पाठवलं. दुपारपर्यंत उभा राहिलो. शेवटी क्लार्कनं मान वर केली, म्हणाला, काय पाहिजे? मी म्हणालो, काही नाही." थोडं चालून ते पुढे म्हणाले, "आणि घरी आलो. पूर्ण रस्ता मला सगळं आठवत होतं, काय बोलायचं ते. घरी आल्यावर तर फारच छान बोललो मी. म्हशीजवळ."

हे सांगताना ते खरंच हसत होते. मीही हसलो. बांध मात्र आजही वाकडा आहे म्हणतात.

माझी साहेबगिरी हळूहळू इतकी पक्की झाली की तिचे परिणाम व्हायला लागले. नानांच्या घरच्या आजी आधी मला रोज ताक पाठवायच्या. तारेच्या तालमीनंतर ताक बंद. आबांनी जाऊन समजावलं, "आजी, ते नाटकातले साहेब आहेत. खरे नाहीत." आजी म्हणाल्या, "नाटकात एवढं कोनाच्यानं बोलवतं का? पोटात असल्याबिगर?"

एकदा माझी आई धुळ्याहून आली. ती संध्याकाळी मला शोधत शाळेकडे आली तर ओट्यावर एक बाई माझ्याकडे बोट करून मला सुनावत होती आणि भोवतालची माणसं "शाब्बास" म्हणत होती. मी आपला कान कोरत होतो.  रात्री जेवताना आई तिच्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठं गाव तुले बोलस, नि तू हासस? तू मास्तर शे का तमासगीर शे?"

मला दोन्ही पदं मोठी वाटली.

आणि मुलगी बघायला गेलो तो किस्सा. हा आमच्या घरी मी सांगायला लागलो की बायको तो माझ्या हातून काढून घेते, तेव्हा इथे लिहून तरी टाकतो. धुळ्यात त्यांच्या घरी बसलो होतो. आदल्या दिवशीच ओट्यावर जोरदार तालीम झालेली. मुलगी चहाचा ट्रे घेऊन समोर आली. मी समोरचा पेपर चाळत होतो. मान वर न करता मी विचारलं, "काय काम आहे?"

तिनं एक क्षण विचार केला आणि म्हणाली, "चहा आणलाय. उद्या येऊ का?"

लग्न ठरलं. का ठरलं हे ती अजून सांगत नाही.

आबांच्या घरी मात्र तालमीला बंदी होती. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. काकू कुठल्याही विषयावर कुठल्याही माणसाशी तयारीशिवाय बोलत आणि जिंकत. एकदा आबांच्या शाळेचे जुने मित्र अचानक जेवायला यायचे ठरले आणि ते काकूंना सांगायचं होतं. आबांनी मला शाळेत गाठलं. टॉवेलचा पदर माझ्या डोक्यावर घातला. "तुम्ही काकू."

मी कमरेवर हात ठेवले. "एवढ्या मानसांचं आता? मले नही जमत."

आबांचे ओठ हलले. "अगं, साधं पिठलं चालेल..."

मागून आवाज आला, "मी अशी बोलते का?"

काकू दारात उभ्या होत्या, हातात आबांचा विसरलेला डबा. त्यांनी मला नीट पाहिलं. "आन् मी पदर असा घेते का? डावीकडून घ्या गुरुजी, डावीकडून." मग आबांना, "किती जन येऊ राह्यले तेवढं सांगा. एवढ्यासाठी मास्तरले लुगडं कायले नेसवता?"

निवृत्त झाल्यावर आबा जळगावला, पिंप्राळ्यात मुलाच्या कॉलनीत राहायला गेले. मी भेटायला गेलो तेव्हा रिक्षातून उतरताना ओळखलं की घर हेच, कारण अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि एक बँकेतले गृहस्थ स्टूलवर बसलेल्या एका बाईंना सांगत होते, "मॅडम, आमच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे येतं." त्या बाई मान वर करत नव्हत्या. आबा मला बघून उठले आणि पहिलं वाक्य काय, तर, "या, या. बाई चांगल्या आहेत, पण त्यांना कान कोरता येत नाही."

पण मला सांगायचंय ते गाडीचं.

आमच्या गावात एसटी येत नव्हती. फाट्यावर थांबायची. मुलगे आठवीला यावलला जायचे, पहाटे उठून फाट्यापर्यंत चालत किंवा सायकलवर. मुली जात नव्हत्या. सातवी झाली की घरी. कुणी त्याबद्दल वाईट बोलत नव्हतं, चांगलंही बोलत नव्हतं. पाऊस किती पडेल यासारखी ती गोष्ट होती.

माझ्या शेजारी सुमनअक्का राहायच्या. त्यांची उषा तेव्हा सातवीत होती. फळ्यावर मी गणित सोडवत असताना ती हात वर करायची तेव्हा मला घाम फुटायचा, कारण चूक नक्की कुठे आहे ते तिला माझ्याआधी कळलेलं असे. परीक्षा जवळ आली तेव्हा मी तिच्या वडिलांशी बोलायला गेलो. भला माणूस. म्हणाले, "गुरुजी, पहाटच्या अंधारात बागांमधून पोर एकटी फाट्यावर जाईल का? तुमची असती त धाडली असती का तुमी?" मला तेव्हा मुलगी नव्हती. आज आहे, आणि ती ट्यूशनवरून उशिरा आली तर मी दारात उभा असतो. तर ते म्हणाले, "गाडी गावात आली त शाळा. नही त सातवी बस झाली. पुढच्या लगीनसराईत पाहू."

सुमनअक्का चुलीशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण भाकरी तव्यावर करपली.

मी हे आबांना सांगितलं. आबा बराच वेळ ओठ हलवत राहिले, बाहेर काहीच आलं नाही. मग म्हणाले, "बायका नेऊ. डेपोच्या साहेबांकडे. पुरुष गेले तर साहेब अर्ज घेतो. बायका गेल्या तर त्याला खुर्चीतून उठावं लागतं."

गावातल्या बायका तोवर कुठल्याही कचेरीत गेलेल्या नव्हत्या. तालीम धडाक्यात सुरू झाली. आबांनी तीन अंक बांधले. पहिल्या अंकात साहेब नाही म्हणतो. दुसऱ्यात कारणं सांगतो: रस्ता खराब आहे, माणसं बसणार नाहीत, गाडी वळवायला जागा नाही. प्रत्येक कारणाला एकीनं उत्तर द्यायचं. तिसऱ्या अंकात साहेब विरघळतो. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं: "साहेब, माझी पोर आठवीत गेली पाह्यजे." ते आबांनी सुमनअक्कांना दिलं.

सुमनअक्कांना ते म्हणता येईना. त्या पुढे यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि तोंडावर पदर धरून हसत सुटायच्या. हसणं थांबलं की डोळ्यांत पाणी, आणि शब्द नाही. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी आबांनी ते वाक्य सरपंचांच्या घरच्या जिजींना दिलं आणि सुमनअक्कांना सांगितलं, "तुम्ही गर्दी. गर्दीलाही काम असतं. मान हलवायची."

"तेवढं जमंल मले," त्या म्हणाल्या. त्यांनी महिनाभर मान इतकी छान हलवली की बघवत नव्हतं.

बाकीच्या बायका मात्र पेटल्या होत्या. मी 'रस्ता खराब आहे' असं नुसतं तोंड उघडलं तरी तिघी एकदम अंगावर यायच्या. मी घरी जाताना रस्त्यात भेटले तरी एखादी म्हणायची, "काहून बसनार नही मानसं? सांगा ना." मी म्हणायचो, अहो, आता नाही, आता मी मास्तर आहे.

ठरलेल्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आम्ही फाट्यावर आणि तिथून डेपोत पोचलो. आबा दाराशी, प्रॉम्प्टरच्या जागी. मी सगळ्यात मागे.

साहेब उठून उभे राहिले.

इथेच पहिली गडबड झाली. हे तिसऱ्या अंकात होतं. वर ते म्हणाले, "या ताई, बसा. अरे, खुर्च्या आणा. पाणी आणा." बसायची तालीम झालेली नव्हती. बायकांनी आबांकडे पाहिलं. आबांनी हातानं 'सुरू करा' अशी खूण केली.

जिजी उभ्याउभ्याच म्हणाल्या, "साहेब, आमच्या गावाले गाडी पाह्यजे. पोरीईले शाळेत जायाचं हाये."

"हो, मग पाहिजेच," साहेब म्हणाले. "शाळा सुरू झाल्यापासून सोडू या."

 काम झालं होतं. आता नुसतं घरी जायचं होतं. पण महिन्याभराची तालीम अशी कुणाच्या पोटात राहते का? दुसरी बाई पुढे सरसावली. "नही कसं म्हनता साहेब?"

"मी नाही कुठे म्हणालो?"

"रस्ता खराब हाये म्हनता, त या ना पाह्यले. ट्रॅक्टर येतो, तुमची गाडी काहून नही येनार?"

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "रस्ता खराब आहे का?"

"मानसं बसनार नही असं तुमाले कोनी सांगतलं?" तिसरी म्हणाली. चौथी तिच्या खांद्यावरून पुढे आली, "आन् वळवाले जागा नही म्हनता, त देऊ आम्ही जागा."

साहेब खाली बसले. त्यांनी एक कागद ओढला आणि लिहू लागले. रस्ता. प्रवासी. वळण. बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळं आम्हीच पुरवलं. "हे बघा," ते गंभीरपणे म्हणाले, "एवढ्या अडचणी असतील तर मला आधी बघावं लागेल."

आबा दारात पांढरे पडले होते. आणि मग बायकांनी जे केलं ते त्यांना सवयीनं सुचलं. 'बघावं लागेल' हे वाक्य ओट्यावर माझं होतं. ते कानावर पडताच सगळ्या जणी गर्रकन मागे वळल्या आणि मला झापायला लागल्या. "काय पाहता? किती दिवस पाहता? वर पाहून बोला." मी सवयीनं कान कोरायला लागलो.

डेपोचे साहेब पेन खाली ठेवून बघत राहिले. "हे कोण?"

"हे आमचे साहेब," जिजी म्हणाल्या.

पुढचा बराच वेळ मी सगळं समजावून सांगण्यात घालवला. साहेब हसले, खूप हसले, डोळे पुसले, चहा मागवला. पण कागदावर लिहिलेलं ते लिहिलेलं. म्हणाले, "महिनाभर गाडी सोडून बघतो. माणसं बसली तर ठेवतो. नाही तर माझ्यावर येईल."

 परतताना ट्रॉलीत सुमनअक्कांनी मला विचारलं, "महिन्यानं बंद झाली त मंग उषी?" मी म्हणालो, बघू. म्हटल्यावर लक्षात आलं की हेही माझं ओट्यावरचंच वाक्य.

नानांनी खळ्याचा कोपरा गाडी वळवायला सोडला. जून उजाडला, गाडी आली, उषा आणि आणखी तिघी खिडकीशी बसून यावलला गेल्या. आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की सकाळच्या गाडीला त्या चौघी आणि दोन म्हाताऱ्या सोडल्या तर कुणीच नाही. गावाला सकाळी यावलला कामच नव्हतं. काम नव्हतं म्हणून जात नव्हते, आणि इतकी वर्षं गाडी नव्हती म्हणून काम काढलंच नव्हतं.

आबांना हा प्रश्न सोपा वाटला. "प्रवासी बसवू," ते म्हणाले. पूर्वी ते नाटकं बसवायचे, त्याच सुरात.

संध्याकाळी ओट्यावर भूमिका वाटल्या. एकजण दवाखान्याला जाणारा. एकजण कोर्टाच्या तारखेला. दोघं बियाणं बघायला. नाना व्याह्यांकडे जाणारे. हातात पिशवी हवी आणि पिशवी रिकामी नको, अशी ताकीद. कंडक्टरनं विचारलं तर सांगता यायला हवं. मी रविवार धरून रोज 'मोठ्या भावाला स्टँडवर घ्यायला' जायचो आणि शाळेच्या वेळेला दुसऱ्या गाडीनं फाट्यावर परत. कंडक्टर मला म्हणाला, "गुरुजी, तुमचे भाऊ येतात रोज, जातात कधी?"

नानांचे व्याही खरोखर यावलला राहत. नानांनी भूमिका मनापासून घेतली. पहिल्या दिवशी व्याह्यांनी शिरा केला. चौथ्या दिवशी नुसता चहा. पुढे त्यांनी सकाळी दाराला कुलूप लावून मागच्या दारानं आत बसायला सुरुवात केली. नाना व्याह्यांच्या ओट्यावर बसून परतीच्या गाडीची वाट बघायचे.

खेळ रंगला आणि फोफावला. न वाटलेल्या भूमिकाही लोक घ्यायला लागले. गाडीत जागा मिळेनाशी झाली.

त्या सकाळी मी पुढच्या बाकावर होतो. शेजारी आबा, मांडीवर फुगलेली पिशवी. गाडी दाटून भरलेली. मुली नेहमीप्रमाणे वेळेवर आल्या, दप्तरं छातीशी धरून, तर कंडक्टर दारात हात आडवा लावून म्हणाला, "जागा नाही. उभ्यानं पण नाही. आज राहू द्या."

"आज चाचणीचा पेपर हाये," उषा म्हणाली.

"मग लवकर यायचं ना बाई."

मला ऐकू आलं. आबांना ऐकू आलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आबांचे ओठ हलायला लागले, हलत राहिले, आणि कंडक्टरनं दोरीला हात घातला.

तेवढ्यात सुमनअक्का पायरीवर चढल्या. उषाचा विसरलेला डबा द्यायला त्या पळत आल्या असाव्यात. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. त्यांनी आत नजर टाकली. बाकामागून बाक बघितला. मग बोलल्या, आणि अजिबात हसल्या नाहीत.

"नाना, तुमचे व्याही कुलूप लावून बसले घरात. उतरा खाली. भाऊ, तुमची कोर्टात केस नही, मले माहीत हाये. उतरा. दवाखान्यावाले, तुमी त काल झाडावर चढून आंबे उतरवले. गुरुजी, तुमाले मोठा भाऊच नही. आन् आबा, तुमी उतरा सगळ्याच्या आधी. मही पोर खाली उभी राह्यली आन् तुमचं गठुडं वर बसलं."

कुणी हललं नाही. कंडक्टर तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग आबा उठले. पिशवी काखेत धरून त्यांनी वाट काढली, अक्कांच्या बाजूनं अंग चोरून खाली उतरले. त्यांच्या मागे मी. मग नाना, कोर्ट, दवाखाना, बियाणं. गाडी निम्मी रिकामी झाली. मुली चढल्या. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी निघाली. सुमनअक्का अजून पायरीवरच होत्या. कुणीतरी हाका मारल्या. गाडी वळून बागांत शिरली.

आम्ही सगळे खळ्यात पिशव्या घेऊन उभे. आबा धुळीकडे बघत म्हणाले, "हे मी दिलं नव्हतं तिला." त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग, "कुठे थांबली नाही ती. एकदाही."

त्यानंतर भूमिका वाटणं बंद झालं. गाडी टिकली. त्याचं श्रेय आबा घेत नसत, पण खरं सांगायचं तर यावलला उगाच जाऊन बसलेल्या माणसांनी तिथे कंटाळून कामं शोधली होती. कोर्टवाल्याला वखारीत काम मिळालं होतं, दवाखान्यावाल्यानं सहज डोळे तपासले तर मोतीबिंदू निघाला, दोन बायका भाजी न्यायला लागल्या होत्या. महिना संपला तेव्हा साहेबांनी पुढे काही विचारलंच नाही.

पण मला आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. गाडी परतायच्या वेळेला अर्धं गाव खळ्यात जमलं होतं, उषाचे वडील धरून. त्यांनी दुपारी स्वतः भाकरी थापल्या होत्या असं लोक म्हणत होते, आणि चेहऱ्यावरून ते खरं वाटत होतं. गाडी थांबली. मुली उतरल्या, त्यांच्या मागे सुमनअक्का. हाताचं पीठ कुठेतरी धुतलेलं. घरातलंच लुगडं, पायात चपला नाहीत.

नवरा पुढे झाला. "कुठी होती दिसभर?"

"शाळेत."

"शाळेत काय केलं?"

"तिथल्या हेडमास्तरले विचारलं, आठवीचा वर्ग कोनता हाये. त्यानं दाखवला. पोरी पेपर लिहू राह्यल्या होत्या. मले म्हने, बसा मागच्या बाकावर." त्यांनी डबा उषाच्या हातून घेतला, उघडून रिकामा आहे ना ते पाहिलं. "बसले मी. खिडकी मोठी हाये. चांगली हवा येते तिथी."

आणि त्या घराकडे चालू लागल्या.